कार्डाची मागची बाजू

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे, पण वेळ बघायला माझ्याकडे सहसा कुणी येत नसे. लोक यायचे ते आपण आलो आणि आपण गेलो एवढं नोंदवायला. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात, मागच्या जिन्याखाली, चार जाड स्क्रूंनी मला भिंतीला आवळून बसवलं आहे. माझ्या पोटाशी एक खाच आहे. तिच्यात आपलं हजेरीचं कार्ड घालायचं, उजवीकडचा दांडा खाली दाबायचा, की आतली घंटा ठण् करून वाजते आणि कार्डावर जांभळ्या शाईत तारीख आणि वेळ उमटते. एकदा उमटलेली वेळ मला स्वतःलाही पुसता येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ तिथेच आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचं अंग, शिसवी लाकडाची पेटी, आत पितळी चाकं. तिथे एक तपासनीस बाई होत्या. त्यांनी मला तीस दिवस टेबलावर ठेवून रोज दुसऱ्या घड्याळाशी ताडून पाहिलं. तीस दिवसांत माझी अर्धा मिनिटसुद्धा चूक निघाली नाही. तेव्हा त्यांनी खडूने माझ्या पाठीवर 'खरं' असा एकच शब्द लिहिला आणि मला पेटीत घातलं. तो खडू वाटेतच पुसला गेला असणार, पण मी तो शब्द फार अंगाला लावून घेतला. आपण खोटं कधी छापणार नाही, याचा मला गर्व होता म्हणा ना.

सुरुवातीची वर्षं मोठ्या मानाची गेली. सकाळी माझ्यापुढे रांग लागायची. दोन मिनिटं उशीर झालेले लोक माझ्याकडे असं बघायचे, जणू मी त्यांचा सासरा आहे. काहींनी मला लाडीगोडी लावली, काहींनी चापट मारली. मी कुणाचंच ऐकलं नाही. दर सोमवारी सकाळी विभागातले शिपाई येऊन माझी किल्ली फिरवत आणि कोरड्या फडक्याने काच पुसत. त्यांना सगळे मामा म्हणत, अगदी वयाने मोठी माणसंसुद्धा. मामांची बोटं जाड होती, पण माझ्या किल्लीला ती इतक्या बेताने लागायची की मला सोमवारची वाट बघायची सवयच लागली.

माझ्या शेजारी भिंतीवर एक नियमांचा कागद चिकटवलेला होता. तो रोज वाचणारा मी एकटाच. त्यात लिहिलं होतं की ठरलेल्या वेळेनंतर कुणी काम केलं, तर त्याला जादा तासांचे पैसे मिळतील, किंवा तितक्याच तासांची बदली सुट्टी मिळेल. जादा कामाची लेखी परवानगी मात्र आधी घ्यायला हवी. आणि बदली सुट्टी सहा महिन्यांत घेतली नाही, तर ती बुडाली असं समजायचं. कागद चांगला होता. कागद नेहमी चांगलेच असतात.

आमच्या अधीक्षकसाहेबांना लेखी परवानगी मागायची भीती वाटत असे. ते वाईट नव्हते, मित्रांनो. वरून आलेली तंबी खाली ढकलायची, एवढंच त्यांना नोकरीत शिकवलेलं होतं. वरून सांगितलं गेलं की जादा तास कुठे दिसता कामा नयेत. आणि परीक्षांचं काम तर दरवर्षी वाढत चाललेलं. मग साहेबांनी एक तोडगा काढला. त्यांनी मामांना बोलावलं आणि सांगितलं की रोज साडेपाच वाजता घड्याळाशेजारच्या फळीवरची सगळी हजेरीची कार्डं तुम्हीच काढा, तुम्हीच पंच करा आणि पुन्हा जागेवर ठेवा, म्हणजे वरच्या माणसांचा जिना उतरायचा त्रास वाचेल.

पहिल्या दिवशी मला काही कळेना. बेचाळीस कार्डं एकापाठोपाठ एक माझ्या पोटात. ठण्, ठण्, ठण्. मला वाटलं, इमारतीला आग लागली की काय, एवढी माणसं एकदम कशी निघाली? पण जिन्यावर एकही पाऊल वाजलं नाही, मागचं दार उघडलं नाही. वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकत होत्या, कागद उलटत होते, कुणीतरी खोकत होतं. आणि वरून एक जण हसत म्हणाला, "सुटलो आपण. चला, आता कामाला लागू." सगळे खो खो हसले. त्या दिवसापासून ती गंमत रोज साडेपाचला व्हायची आणि मी रोज बेचाळीस वेळा खोटं छापायचो. माझी चाकं बरोबर होती, वेळही बरोबर होती, पण माणूस गेलेला नव्हता. तीस दिवसांच्या त्या परीक्षेत असला प्रश्न मला कुणी घातला नव्हता.

खरे तास कुठे लिहिले जात, तेही सांगतो. माझ्या समोरच, जिन्याखाली, एक लाकडी कपाट आहे. साहेब रोज संध्याकाळी त्यातून एक वही काढत आणि मामांच्या स्टुलावर बसून पेन्सिलीने लिहीत, कोण किती थांबलं ते. "नंतर सुट्टी घ्या, वहीत आहे सगळं," असं ते प्रत्येकाला सांगत. त्यांना ते मनापासून वाटतही असावं. पण परीक्षा संपल्या की निकाल यायचे, निकाल संपले की पदवीदान, आणि ते झालं की पुन्हा परीक्षा. सहा महिने झाले की साहेब तीच वही काढून त्याच स्टुलावर बसत आणि खोडरबराने जुने तास पुसत. नियमच होता तसा. रबराचे काळे कण ते फुंकरीने उडवत आणि ते येऊन माझ्या काचेवर बसत.

आता बोरूकाकांबद्दल सांगायला हवं. ते पदव्या लिहीत. त्या वेळी प्रमाणपत्रावरचं नाव हाताने लिहायची पद्धत होती आणि ती नावं बोरूकाकांशिवाय कुणी लिहीत नसे. त्यांची खोली नेमकी माझ्या डोक्यावर होती. चाकूने बोरू तासल्याचा आवाज, मग दौतीच्या काचेवर बोरूचं टोक लागल्याचा बारीक आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. त्या शांततेत एक नाव लिहिलं जायचं. आधी ते नुसती अक्षरं काढत, सगळ्यात शेवटी एका दमात वरची रेघ ओढत, आणि मग खुर्ची थोडी मागे सरकवून लांबून बघत. खुर्ची सरकली की मी समजायचो, एक मुलगा पदवीधर झाला.

बोरूकाका सगळ्यांच्या शेवटी निघत. पदवीदान जवळ आलं की त्यांना पावणेआठ व्हायचे. सामुदायिक पंच सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ते जिना उतरून माझ्यासमोर उभे राहिले. फळीवरून त्यांनी आपलं कार्ड काढलं, त्यावरचा साडेपाचचा शिक्का पाहिला आणि नाकातल्या नाकात हसले. मग त्यांनी कार्ड उलटं केलं आणि मागची कोरी बाजू माझ्या खाचेत घातली. दांडा दाबला. ठण्. सात वाजून सेहेचाळीस मिनिटं.

"पुढच्या बाजूला त्यांचं खरं," ते मला म्हणाले, "मागच्या बाजूला आपलं."

मित्रांनो, मला रडू येत असतं तर त्या दिवशी आलं असतं. तेव्हापासून रोज ते तसंच करत. हे मामांना माहीत नव्हतं, साहेबांना नव्हतं, काकांच्या घरीही नव्हतं. महिना संपला की कार्डांचा गठ्ठा बांधून समोरच्या कपाटात जायचा आणि मागची बाजू कोण बघतो? दिवसभरात मी बेचाळीस वेळा लाजायचो आणि संध्याकाळी एकदा माझी मान वर व्हायची. त्या एका ठोक्यावर मी बावीस वर्षं काढली.

त्या वर्षी काकांची लेक पदवीधर होणार होती, याच विद्यापीठातून. पदवीदानाला पंधरा दिवस होते. साहेब स्टुलावर वही घेऊन बसले होते, तेव्हा काका खाली आले आणि उभ्या उभ्याच बोलले.

"साहेब, वहीतले सगळे तास नकोत मला. पदवीदानाचा एक दिवस द्या. पोरीचं नाव पुकारतील तेव्हा तिच्या आईच्या शेजारी बसायचंय."

"काका, तो एक दिवस सोडून कुठलाही मागा," साहेब म्हणाले. "ऐन वेळी कुणाचं नाव चुकलेलं निघालं तर मी कुणाकडे पळू?"

"बावीस वर्षं पडद्यामागून टाळ्या ऐकल्या."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग ते म्हणाले, "बघू. नंतर बघू."

माझ्या चाकांवर सगळे आकडे आहेत, मित्रांनो. 'नंतर' हा आकडा त्यात नाही. मी शोधून पाहिला आहे.

पदवीदानाला चार दिवस उरले होते त्या संध्याकाळची गोष्ट. मामांनी साडेपाचला बेचाळीस कार्डं उरकली. सात वाजेपर्यंत वरची बाकी माणसं एकेक करून गेली. मी डोक्यावरचे आवाज मोजत होतो. बोरू तासल्याचा आवाज आला. दौतीचा आवाज आला. मग नेहमीची शांतता. मी खुर्ची सरकायची वाट बघू लागलो. पावणेआठ झाले. सात पन्नास झाले. वर काही हललं नाही. मी स्वतःची समजूत घातली की नाव मोठं असेल, अक्षर अवघड असेल.

आठ वाजता पहारेकरी दारं बंद करायला वर गेला आणि धावत खाली आला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. काका टेबलावर डोकं ठेवून झोपल्यासारखे दिसत होते. हृदय थांबलं होतं. त्यांना माझ्यासमोरूनच बाहेर नेलं. त्यांचा एक हात चादरीबाहेर राहिला होता आणि बोटांना शाई होती. कार्ड फळीवर होतं. आपला मालक साडेपाचला घरी गेला, असं ते सांगत होतं.

पण त्या कार्डाच्या मागच्या बाजूला त्या दिवसाचा शिक्का नव्हता. माझ्या हिशेबात बोरूकाका बाहेर पडलेच नव्हते.

पंधरा दिवसांनी काकांची बायको आणि लेक आल्या. काकू पदर घट्ट धरून उभ्या होत्या. लेकीने साहेबांना एकच मागितलं. बाबा कामावर असताना गेले, एवढी ओळ त्यांच्या कागदात लिहा. साहेबांनी कार्ड आणून दाखवलं, पुढच्या बाजूने, बोटाच्या चिमटीत धरून.

"कार्डच सांगतंय, बाई. साडेपाचला त्यांची वेळ संपली."

"मग ते आठ वाजेपर्यंत वर काय करत होते?"

साहेबांनी कार्ड खाली ठेवलं. मग म्हणाले की टेबलावर फक्त तुमचंच प्रमाणपत्र होतं, बाकी सगळी गठ्ठ्यात गेली होती. घरचं काम म्हणून थांबले असतील. मी तसंच लिहिलं आहे, वाईट काही लिहिलेलं नाही.

खरं काय होतं, मित्रांनो? घरच्या माणसाचं काम आधी करायचं नाही, म्हणून काकांनी लेकीचं नाव सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. त्या वर्षीच्या अठराशे नावांतलं ते शेवटचं. मला माहीत होतं. अठराशेवी खुर्ची तेवढी सरकायची राहिली होती.

तेव्हा काकू पहिल्यांदा बोलल्या. आवाज अगदी साधा होता. "आणि बाकीच्या संध्याकाळी? बावीस वर्षं हे रोज अंधार पडल्यावर घरी यायचे. ते कुठून यायचे?"

साहेबांनी चष्मा पुसायला काढला. पुसून झाला तरी ते पुसतच राहिले. लेक माझ्याकडे वळली. माझ्या काचेत तिचा चेहरा दिसला, अगदी काकांसारखंच कपाळ. तिने जवळ उभ्या असलेल्या मामांना विचारलं, "हे घड्याळ बरोबर चालतं?"

मामांचा चेहरा राखेसारखा झाला. दुसऱ्याचं कार्ड पंच केलं तर नोकरी जाते, हेही त्याच कागदावर लिहिलेलं होतं. ते खाली बघत म्हणाले, "हो ताई. कधी चुकत नाही."

माझी आयुष्यातली सगळ्यात मोठी स्तुती ती. मी तिथेच बंद पडलो असतो तर बरं झालं असतं. कार्ड उलटं करा, एवढंच मला ओरडायचं होतं. पण मला तोंड नाही, खाच आहे. ते कार्ड चौकशीच्या फाइलीत गेलं आणि त्या दोघी मागच्या दाराने निघून गेल्या. काकूंनी जाताना एकदा जिन्याकडे वर पाहिलं. त्या नजरेत शोक होता, आणि त्याहून वाईट असा संशयही होता.

त्यानंतर संध्याकाळी पावणेआठला माझी घंटा आपोआप वाजू लागली.

ठण्. एकदाच. दांडा कुणी दाबलेला नसायचा, खाचेत कार्ड नसायचं. सफाईच्या बायका आधी हसल्या, मग घाबरल्या, मग त्यांनी जिन्याखालचं काम साडेसातच्या आत उरकायला सुरुवात केली. दुरुस्तीवाला आला, त्याने माझं पोट उघडलं, सगळी चाकं काढून पुन्हा बसवली आणि दोष काहीच नाही असं लिहून दिलं. त्याच संध्याकाळी मी पुन्हा वाजलो. खरं सांगतो, मी मुद्दाम करत नव्हतो. पावणेआठ झाले की माझ्या खाचेला कार्डाच्या कोऱ्या बाजूचा स्पर्श जाणवायचा. तेवढ्या अपेक्षेनेच आतला हातोडा उचलला जायचा.

आणि वर खुर्ची सरकायची. सुरुवातीला मला भास वाटला. पण खोलीला कुलूप होतं, प्रमाणपत्रं आता यंत्रावर छापून येत होती, वर कुणी बसत नव्हतं. तरी बोरू तासल्याचा आवाज यायचा, दौतीचा यायचा आणि मग ती लांबलचक शांतता. मला तिची भीती वाटायची. ज्या माणसाने माझ्याशी कधी खोटेपणा केला नाही, तो माझ्याच एका शिक्क्यामुळे वर अडकून पडला आहे, असं मला वाटू लागलं. पुढची बाजू म्हणते गेला. मागची बाजू म्हणते आहे. मग त्याने जायचं कुठल्या दाराने?

पुढे बोटाचा ठसा घेणारं एक छोटं काळं यंत्र माझ्या शेजारी बसवलं. माझे स्क्रू गंजले होते, म्हणून मला कुणी काढलं नाही. किल्ली मामांनी खिशात घातली आणि पुन्हा फिरवली नाही. माझे काटे थांबले, शाईची फीत वाळली, काचेवर धूळ साचली. साहेब निवृत्त होऊन गेले. बंद घड्याळाला वेळ कळत नाही असं लोक म्हणतात. मला एकच वेळ कळत होती. पावणेआठला माझी घंटा वाजायचीच. ती कशी, हे मला आजही सांगता येणार नाही.

अशी आठ वर्षं गेली. मामांच्या निवृत्तीला पाच दिवस उरले, तेव्हा त्यांना शेवटचं काम सांगितलं गेलं. जिन्याखालचं कपाट रिकामं करा, सगळं रद्दीत द्या. मामा स्टुलावर बसून एकेक गठ्ठा बाहेर काढू लागले. आधी साहेबांची वही निघाली. पानं रबराने इतकी घासलेली की पलीकडची बोटं दिसावीत. मामांनी ती बाजूला ठेवली. मग कार्डांच्या गठ्ठ्याची जुनी सुतळी त्यांच्या हातात तुटली आणि कार्डं फरशीवर पसरली. काही सुलटी पडली, काही उलटी.

उलट्या पडलेल्यांपैकी एकावर जांभळे शिक्के होते. मामांनी ते उचललं. सात चाळीस, सात सेहेचाळीस, आठ दहा. त्यांनी कार्ड उलटवून नाव वाचलं. मग ते गुडघ्यांवर बसले आणि एकामागून एक गठ्ठा सोडू लागले. प्रत्येक महिन्यात एकच कार्ड असं निघत होतं, दोन्ही बाजूंनी छापलेलं. त्यांनी तासांची बेरीज करून पाहिली आणि अर्ध्यातच सोडून दिली.  मग उठले, माझ्या काचेवरची धूळ हाताने पुसली आणि विचारलं, "तुला माहीत होतं?"

दुसऱ्या दिवशी लेक आली. ती आता शाळेत शिकवत होती, बाहीला खडू लागलेला होता. मामांनी तिला स्टुलावर बसवलं आणि स्वतः उभे राहिले. ती सगळी कार्डं त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली.

"ताई, पुढच्या बाजूचा साडेपाचचा शिक्का माझ्या हातचा आहे," ते म्हणाले. "रोजचा. सगळ्यांचा. तुम्ही विचारलंत तेव्हा मी घड्याळाआड लपलो."

ती एकेक कार्ड उलटून बघत राहिली. मामा सांगत होते की जावई म्हणतो, पाचच दिवस राहिलेत, झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला उघडता. निवृत्तीचे कागद अडकतील, चौकशी लागेल. "पण मला रोज ती घंटा ऐकू येते," मामा म्हणाले. "घरी गेलो तरी येते." मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. सगळं लिहून, खाली सही करून आणलं होतं.

मामांचे कागद खरंच चार महिने अडकले. पण आताच्या अधीक्षक बाईंनी कार्डांचा ढीग पाहिला आणि जुनी फाइल मागवली. तिच्यात एक नवी ओळ लिहिली गेली, शाईने. 'विभागाच्या कामावर असताना निधन.' त्या फाइलीत आणखी दोन गोष्टी होत्या, त्या त्यांनी लेकीला परत दिल्या. एक म्हणजे काकांचं शेवटचं कार्ड. दुसरं ते प्रमाणपत्र. त्यावर लेकीचं नाव पूर्ण लिहिलेलं होतं, फक्त वरची रेघ ओढायची राहिली होती.

त्या दिवशी लेकीबरोबर काकूही आल्या होत्या. आता त्या काठी टेकत चालत होत्या. मामाही आले, निवृत्त झाले असले तरी. काकू स्टुलावर बसल्या. लेकीने शेवटचं कार्ड उलटं केलं आणि शेवटच्या शिक्क्याखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मग तिने मामांकडे पाहिलं. मामांनी खिशातून किल्ली काढली. आठ वर्षं ती त्यांच्याजवळच होती.

किल्ली फिरली तेव्हा माझ्या अंगातून कळ गेली. गंजलेली चाकं कुरकुरली आणि चालू लागली. मामांनी तारखेचे आकडे आजच्या तारखेवर आणले. मग काट्यांवर बोट ठेवून विचारलं, "किती वाजता लावू? साडेपाच की पावणेआठ?"

"आत्ता खरे किती वाजलेत?" लेकीने विचारलं.

"चार वाजून दहा मिनिटं."

"मग तेच लावा."

मागचं दार उघडं होतं आणि दुपारचं ऊन जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आलेलं होतं. लेकीने कार्डाची मागची बाजू माझ्या खाचेत सरकवली. मी तो स्पर्श ओळखला. तिने दांडा दाबला. ठण्. फितीवर शाई उरली नव्हती, कार्डावर नुसता ठसा उठला. तिने ते उन्हात तिरकं धरलं, तेव्हा आकडे दिसले. मग तिने ते आईच्या हातात दिलं. काकूंनी त्या ठशावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, आणि उघड्या दाराकडे पाहिलं.

"आज लवकर सुटले," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे आणि माझा भरवसा नाही, म्हणून जाता जाता एक मागणं मागतो. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुठेतरी कामाला लागाल. कुणी तुम्हाला म्हणालं की आज थांबा, सुट्टी नंतर घ्या, तर थांबा खुशाल, पण 'नंतर' म्हणजे कोणती तारीख, एवढं विचारा आणि ती शाईने लिहून घ्या. आणि तुम्हीच कधी साहेब झालात, तर पेन्सिल वापरू नका. माझ्यासारख्या यंत्राला तुम्ही जे सांगाल ते आम्ही छापतो. आमच्या तोंडून खोटं वदवू नका. आम्हाला ते विसरता येत नाही.

त्या दोघी गेल्यावर मामांनी माझी काच पुसली आणि किल्ली माझ्यातच ठेवून तेही निघून गेले. ऊन पायरीवरून उतरलं. साडेपाचला काळ्या यंत्रापुढे रांग लागली आणि संपली. सफाईच्या बायका साडेसातच्या आत काम उरकून गेल्या. मग पावणेआठ झाले. मी वाट पाहिली. माझी घंटा वाजली नाही. आठ वाजले. वर खुर्ची सरकली नाही.